गव्हाचा नवस

माझ्या मुलीला दोन आजार आहेत आणि आमच्या माणसांना दोन्ही पटत नाहीत. पहिला मधुमेह. तो पाचव्या वर्षी निघाला. एवढ्याशा लेकराला शुगर कशी होईल, आईनंच गोड लई खाऊ घातलं असंल, असं नांदेडपासून चाकूरपर्यंत जो भेटेल तो मला ऐकवून गेला. तिच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, त्यात गोडाचा दोष नाही, हे मी इतक्यांदा सांगितलं की पुढं पुढं मलाच माझा कंटाळा यायला लागला. दुसरा आजार सातव्या वर्षी निघाला. त्याला सिलिअॅक म्हणतात. गहू पोटात गेला की आतड्याचं अस्तर झडतं आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. पहिल्याचं नाव तरी लोकांना माहीत होतं. दुसरा मी घरी बसून तयार केलाय, अशा नजरेनं ते माझ्याकडं बघायचे.

तो कळला असा. सुई ठरल्याप्रमाणे, जेवण ठरल्याप्रमाणे, तरी तिची साखर मधूनच धाडकन खाली यायची. पोट फुगायचं. वर्षभरात उंची तसूभर वाढली नव्हती. आधी मला वाटलं, इन्सुलिनचा हिशोब माझाच चुकतोय. डॉक्टरांनी रक्त तपासलं, मग हैदराबादला नेऊन दुर्बिणीनं आतड्याचा तुकडा काढून बघितला. रिपोर्ट हातात घेऊन डॉक्टर म्हणाले, आजपासून गहू बंद. तिच्या पप्पांनी विचारलं, चतकोर पोळी चालेल का? डॉक्टर म्हणाले, कणसुद्धा नाही, आणि कायमचं. पप्पा त्यानंतर दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. गहू मीच बंद केला होता जसा काही.

मुलगी तेव्हा बाहेर बाकावर बसली होती. बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "मम्मी, पोळी किती दिवस नाही खायची?" मी म्हटलं, बरं वाटेपर्यंत. सुया सुरू झाल्या तेव्हाही मी तिला असंच काहीतरी सांगितलं होतं. सात वर्षांच्या पोरीला कायमचं म्हणजे काय हे कुठल्या तोंडानं सांगायचं? मोठी झाली की सांगू, असं मी मनाशी म्हणत राहिले. माझा हा भित्रेपणा आहे, आणि त्याला दुसरं नाव द्यायची मला इच्छा नाही.

गहू सोडणं आमच्याकडं अवघड जाणार नाही असं वाटलं होतं. ज्वारीचा मुलूख. पण ज्वारी दळायची कुठं? गल्लीतल्या गिरणीत सगळं एकाच दगडावर. गहू झाला की हरभरा, हरभरा झाला की ज्वारी. मी गिरणीवाल्या काकांना म्हटलं, गव्हानंतर माझं दळण टाकू नका, आधी दगड झाडून घ्या. ते म्हणाले, "ताई, आधीचं पसाभर पीठ येतंयच. त्यानं काय मरतंय का कुणी?" मी समजावलं. आजाराचं नाव सांगितलं, आतडं सांगितलं. ते ऐकून घेत होते आणि हातानं पुढच्या बाईचा डबा ओढत होते. "पोरीला गव्हाचा इटाळ झाला म्हना की," असं म्हणून हसले, आणि रांगेतल्या बायकाही हसल्या.

पुढं आम्ही घरघंटी घेतली. तरी चुका झाल्याच. दोन महिने मी तिच्या वरणाला डबीतला हिंग घालत होते. त्या हिंगात गव्हाचं पीठ असतं, डबीवर बारीक अक्षरात लिहिलेलंही असतं, आणि मी शिकलेली बाई ते वाचलं नव्हतं. म्हणून मी कुणाला अडाणी म्हणत नाही. मला राग यायचा तो न कळण्याचा नाही, कळूनही चेष्टा करण्याचा.

घरघंटी यायच्या आधीचीच ही गोष्ट. एकादशीच्या आदल्या दिवशी मी ज्वारीचा डबा घेऊन गिरणीत उभी होते. माझ्यापुढं गल्लीतली एक बाई वरईचं दळण घेऊन आली. ती एवढंच म्हणाली, "उपासाचं हाय." काकांनी गिरणी बंद केली. दगड उघडला, कुंच्यानं झाडला, फडक्यानं पुसला, गिरणीच्या तोंडात अडकलेलं मूठभर पीठ बाजूला टाकलं आणि मग तिचं दळण घेतलं. बाईनं आभारसुद्धा मानले नाहीत. हे असंच करायचं असतं हे दोघांनाही माहीत होतं. मी बघत राहिले. माझ्या पोरीच्या आतड्यासाठी जे होत नव्हतं ते त्या बाईच्या एका दिवसाच्या उपासासाठी झालं होतं.

माझा नंबर आला तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "काका, माझंही देवाचंच हाय. पोरीचा गहू सोडलाय. नवस हाय."

"मग आधी सांगायचं न्हाई का ताई," काका म्हणाले आणि पुन्हा दगड उघडला.

सुंठीवाचून खोकला गेला. घरी येईपर्यंत मला हसू येत होतं. मी लोह्याकडच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवते. अंधश्रद्धेवर मुलांकडून निबंध लिहून घेते आणि चांगला निबंध फळ्याशेजारी लावते. त्या दिवशी मला वाटलं, विज्ञानानं जे दार उघडलं नाही ते असं उघडत असेल तर उघडू दे. खोटं तर खोटं.

आणि दारं उघडत गेली. त्याआधी लग्नात कुणीतरी मावशी, काकू तिच्या हातात बालुशाही ठेवायचीच. "चाखण्यापुरती खा गं, आई बघत न्हाई." जिन्यात शेजारीण बिस्किट द्यायची. शाळेत वाढदिवसाचा केक यायचा आणि बाई म्हणायच्या, एवढुशानं काय होतंय. मी भांडायचे आणि माझ्या पाठीमागं लोक म्हणायचे, बाईला पोरीचं खाणं बघवत नाही. नवस म्हटल्यावर तीच माणसं हात मागं घ्यायला लागली. "देवाचं हाय व्हय, मग नको माय." बिस्किट देणारी शेजारीण आता स्वतःच्या पोराला ओरडायची, तिच्या ताटाला हात लावू नको म्हणून. इतके महिने मी घसा कोरडा केला त्याचं काम एका शब्दानं झालं. आनंद झाला, आणि चीडही आली. पोरीच्या जिवाला किंमत नव्हती, पण देवाच्या धाकाला होती.

माझी थोरली नणंद, आम्ही सगळे त्यांना आक्का म्हणतो, चाकूरजवळच्या खेड्यात राहतात. सासूबाई लवकर गेल्या, तेव्हा माझ्या नवऱ्याला त्यांनीच वाढवलं. माझ्या मुलीवर त्यांचा जीव आहे, आणि हे मी आजही खोटं म्हणणार नाही. पण माझ्या स्वयंपाकघरातला वजनकाटा त्यांना बघवायचा नाही. भाकरी किती वजनाची यावर सुईतले युनिट ठरतात, म्हणून मी प्रत्येक भाकरी तोलते. "सोन्यावानी तोलून राहिलीस की गं," त्या म्हणायच्या, "आमच्या लेकरायला आमी असं न्हाई केलं कधी." त्यांच्या घरी गेलं की काटवटीत आधी गव्हाची कणीक मळलेली असायची आणि त्यातच ज्वारीचं पीठ. मी नको म्हटलं की तोंड पाडायच्या.

नवसाचं त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी मला समोर बसवून विचारलं.

"कोन्या देवाला बोललीस?"

"माळेगावच्या खंडोबाला."

"कुठवर?"

मला एवढं पुढचं कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "पोरगी बरी होईस्तोवर."

आक्कांनी हात कपाळाला लावला. पुढच्या वेळी आम्ही गेलो तर तिच्यासाठी वेगळी काटवट, वेगळा तवा, पिठाचा वेगळा डबा. घरात कुणी गव्हाचा हात त्या डब्याला लावला की आक्का अंगावर जायच्या. जे मी हात जोडून मागितलं होतं ते सगळं त्यांनी न मागता केलं. माझी मुलगी त्या दिवशी शेजारी बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. ती आमचं बोलणं ऐकत होती. मी तिच्याकडं बघितलं नाही, कारण मला ते बघायचं नव्हतं.

वर्षानं तिच्या रक्ताची तपासणी झाली. गव्हानं रक्तात जे वाढतं ते आता साधारण पातळीवर आलं होतं. उंचीही वाढली होती. साखर अवेळी खाली येणं थांबलं होतं. डॉक्टर म्हणाले, "छान, असंच चालू ठेवा." मी दवाखान्याच्या जिन्यातूनच आक्कांना फोन केला. "आक्का, रिपोर्ट नॉर्मल आला."

आक्का फोनवरच रडल्या. "पावला गं माय, पावला."

गहू बंद आहे म्हणून नॉर्मल आहे, उद्या खाल्ला तर परत तेच, हे मला तेव्हाच सांगता आलं असतं. दोन वाक्यांचं काम होतं. मी म्हटलं, रडू दे बाईला आनंदानं.

दिवाळीच्या सुट्टीत मुलीनं हट्ट धरला, आत्याकडं एकटी जाणार. नऊ वर्षांची होती. इन्सुलिनच्या पेननं सुई ती स्वतः टोचून घ्यायची, बोटातून रक्त काढून मशीनला लावायची, आकडा सांगायची. मी चार दिवसांसाठी सोडलं. ठरलं असं की प्रत्येक जेवणाआधी तिनं मला फोन करायचा, साखर किती आणि ताटात काय ते सांगायचं, मी युनिट सांगणार. साखर खाली गेली तर काय करायचं ते मी आक्कांकडून तीन वेळा म्हणून घेतलं. पहिले दोन दिवस छान गेले.

तिसरा दिवस रविवार होता. दुपारी बाराला फोन आला.

"मम्मी, एकशे चाळीस आहे. दोन भाकरी आणि वाटीभर खीर."

आमच्या भागात खीर म्हटलं की ती गव्हाची. म्हणून मी विचारलं, "कसली खीर?"

"तांदळाची."

मी तांदूळ आणि गूळ धरून युनिट वाढवून सांगितले. बरं म्हणून तिनं फोन ठेवला.

अडीचला आक्कांचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता. "पोरगी ओकून राहिली. थांबनाच. घामानं डबडबली."

"मशीन लावा आक्का."

मशीन लावलं. अठ्ठेचाळीस, फारच खाली. टोचलेलं इन्सुलिन अंगात काम करत होतं आणि खाल्लेलं सगळं बाहेर पडत होतं. मी म्हटलं, साखरेचं पाणी द्या. आक्का म्हणाल्या, देतेय, तेही पडतंय. मी म्हटलं, साखर गालाच्या आत चोळा, चोळत राहा, आणि मिळेल ती गाडी करून लातूरला न्या. मग विचारलं, काय खाल्लं तिनं?

"खीर."

"तांदळाची ना?"

"गव्हाची," आक्का म्हणाल्या. "नवस फेडला माय. देव पावल्यावर फेडायचं ठिवून चालत न्हाई. देवळात निवद दाखवला, आन् पयला घास तिलाच भरवला."

लोहा, अहमदपूर, चाकूर, एवढा रस्ता आम्ही कुणाच्या तरी गाडीतून गेलो. नवरा पुढं बसून सारखा फोन करत होता. मी मागं बसून आक्कांना जेवढ्या शिव्या येतात तेवढ्या दिल्या, मनातल्या मनात, त्यांच्या गावाचा फाटा गेला तेव्हा दुप्पट. आपलेच दात आणि आपलेच ओठ, चावले तर बोलायचं कुणाला, असं म्हणतात. मी बोलणार होते. अख्खं बोलणं मी जुळवून ठेवलं होतं.

दवाखान्यात पोचलो तेव्हा पोरगी शुद्धीवर होती. सलाईनमधून साखर चालू होती, ओठ फाटले होते, कपाळावर भंडारा तसाच होता. मला बघून तिनं मान दुसरीकडं वळवली. आक्का बाहेर फरशीवर बसल्या होत्या. पदराला ओकारीचा वास येत होता. मी तिथंच उभ्यानं सुरू झाले. दोन वर्षं सांगतेय तुम्हाला, कण नाही म्हणजे कण नाही, पोर मेली असती म्हणजे कळलं असतं का.

आक्कांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तवा तू आजार म्हनलीस. आजार डाक्टर बरा करतो, आमाला काय कळतंय त्यातलं. मंग तू नवस म्हनलीस. नवस मला कळतो. बरी होईस्तोवर, असं तूच बोललीस. बरी झाली, असं फोनवर तूच सांगितलंस. मी काय चुकले ते सांग."

"नवस नव्हता आक्का. मी खोटं बोलले होते. लोक ऐकत नव्हते म्हणून."

"देवाचं नाव घिऊन?"

"हो."

"मंग मला कशाला बोलून राहिलीस," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. मग त्याच पुढं म्हणाल्या, "फेडायचं माझ्या बी ध्यानात होतं. पर घाई हिनंच केली. आत्या, रिपोर्ट आला, आता फेडू. फेडला की सुया बी सुटत्यात म्हनं. उद्यापासून सुई घेनार न्हाई म्हनत होती. मला वाटलं, तूच सांगितलं असंल."

खीर जिरली असती, ती ओकली नसती, तर दुसऱ्या दिवशी तिनं सुई टोचली नसती. मला फोनवर आकडा खोटा सांगितला असता, जशी तांदळाची खीर सांगितली तशी. दोन-तीन दिवसांत काय झालं असतं हे मला माहीत आहे, पाचव्या वर्षी तिला आयसीयूत न्यावं लागलं होतं तेव्हा मी ते बघितलं आहे. ज्या ओकारीसाठी मी आक्कांना शिव्या दिल्या त्या ओकारीनं तिला वाचवलं होतं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, आणि तो माझ्याच हातचा. वर्षभर पोरगी एका नवसाचे दिवस मोजत होती आणि मी दारं उघडली म्हणून खूश होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे पप्पा चहाला गेले तेव्हा मी तिच्या खाटेवर बसले. आता टाळायचं नव्हतं. मी म्हटलं, "तो नवस खोटा होता. लोक ऐकत नव्हते म्हणून मी तसं सांगत होते. तुझं पोट गहू घेऊ शकत नाही, कधीच घेणार नाही. आणि सुई रोज घ्यावी लागणार, नेहमी. मोठी झालीस तरी."

"पण रिपोर्ट नॉर्मल आला होता."

"तू गहू खात नव्हतीस म्हणून आला. नवसानं नाही."

ती चादरीचा दोरा ओढत होती. "तू खंडोबाला काहीच बोलली नव्हतीस?"

"नाही."

"एकदा पण नाही? मी आजारी पडले तेव्हा पण नाही?"

शाळेत मुलांनी विचारलं असतं तर याचं उत्तर मी मोठ्या अभिमानानं दिलं असतं. तिथं ते द्यायला मला फार वेळ लागला. नाही, असं मी म्हटलं, कारण ते खरं होतं आणि त्या दिवशी फक्त खरंच बोलायचं असं मी ठरवून आले होते. रागवायला तिला पूर्ण हक्क होता. मला वाटलं रडेल. ती रडली नाही, तिनं माझ्याकडं सरळ बघितलं. नऊ वर्षांचं लेकरू, पण गणित मांडल्यासारखं बोलली.

"म्हणजे तेव्हा तू खोटं बोलत होतीस."

"हो."

"मग आत्ता खरं बोलतेस कशावरून?"

नाश्त्याची वेळ झाली होती, साखर वर गेली होती, सुई द्यायलाच हवी होती. मी पेन काढलं तशी तिनं दोन्ही हात पाठीमागं घेतले आणि भिंतीला टेकली. मी समजावलं, सिस्टरनं समजावलं, दारातून आक्कांनी हाक मारली. शेवटी सिस्टरनं तिचे दंड धरले आणि मी सुई दिली. पाच वर्षांची होती तेव्हासुद्धा तिला कधी धरावं लागलं नव्हतं.